खाक्यातली बाई ट्रॅक्टरवर

मी आयुष्यभर एकच बाई काढत आलो. म्हणजे चित्रातली, नाहीतर भलताच समज व्हायचा आणि बायको हे वाचते. आधी मी बुऱ्हाणपुरात पेंटर होतो, फ्लेक्स आलं तसा डिझायनर झालो. ब्रश सुटला, माऊस हातात आला, पोट सुटलं. बाई मात्र तीच राहिली.

तिचं असं की तरुणपणी मी एक खाका केला होता. जाड ट्रेसिंग कागदावर बाईची बाह्यरेषा काढायची, त्या रेषेवर सुईने बारीक भोकं पाडायची, मग कागद भिंतीवर धरून त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत जायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांची बाई हजर. पाठमोरी उभी, कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, आणि मान वळवून आपल्याकडे असं पाहणार की जणू आपणच तिला हाक मारली. हीच बाई मी पॉवरलूमच्या कापडाच्या थानांवरच्या लेबलांवर लावली, ब्यूटी पार्लरच्या बोर्डावर लावली, लोणच्याच्या बरणीवर लावली. सबमर्सिबल पंपाच्या जाहिरातीतही ती होती. पंपाशेजारी बाई कशाला, हे पंपवाल्याने मला विचारलं नाही आणि मलाही ते ठाऊक नव्हतं. देवीसाठी तेवढा वेगळा खाका ठेवला होता. माणूस कितीही नालायक असला तरी नवरात्रात घाबरतो.

पुढे तो खाका स्कॅन करून मी कॉम्प्युटरमध्ये टाकला. फाइलचं नाव ‘बाई फायनल’. काम आलं की फाइल उघडायची, साडीचा रंग बदलायचा, चहा सांगायचा.

अशा माणसाकडे माझी भाची व्हिडिओ गेमचं कव्हर मागायला आली, यात तिची चूक एवढीच की मी तिचा सख्खा मामा होतो.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताईचं शेत तापीपलीकडे, जैनाबादच्या पुढे, केळीचं. दाजींची नजर अधू झाल्यापासून ट्रॅक्टर ताई चालवते. साडीवर दाजींचा फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला गमछा, आणि मागे घडांनी भरलेली ट्रॉली, असं ध्यान मंडीच्या रस्त्यावर दिसलं की समोरचे आपोआप बाजूला होतात. भाची पुण्याला जाऊन व्हिडिओ गेम बनवायचं शिकून आली आणि घरी बसून बनवायलाही लागली. ताईने तिला एक वर्ष दिलं होतं. वर्षभरात काही दाखवण्यासारखं झालं तर ठीक, नाहीतर निमूट बी.एड.चा फॉर्म भरायचा. गावात लोक विचारत, पोरगी काय करते, तर ताईला सांगावं लागायचं, की घरी बसून खेळते. हे उत्तर देताना ती दुसरीकडे पाहायची.

मग भाचीने खेळ काय बनवला, तर ताईवरच. एक बाई केळीने भरलेली ट्रॉली ओढत शेतातून मंडीपर्यंत नेते. खड्डे, वाळू, वराती, आडव्या बसलेल्या म्हशी. घडांना जितके डाग पडतील तितके गुण जातात. ताईला हे कळलं तेव्हा ती घड मोजत राहिली. पण नंतर म्हणे मंडीत तिने दोघा-तिघांना आपणहून सांगितलं, की पोरीने माझ्यावर एक खेळ केला आहे.

आता खेळ डब्यातून येत नाहीत, इंटरनेटवर विकले जातात. तरी कव्हर लागतंच. मावा जिलेबीला लोक वासावर येतात, म्हणून काय हलवाई बोर्ड लावत नाही? भाची मला म्हणाली, “मामा, बाकी सब तू देख ले, फक्त एक कर. आईसारखी दिसली पाहिजे.” मी म्हणालो, तू टेन्शन घेऊ नको. हे वाक्य मी ज्याला ज्याला म्हटलं आहे, त्या प्रत्येकाला पुढे टेन्शन आलं आहे. तिला खेळ दाखवायला आठवडाभर इंदूरला जायचं होतं, तिथे खेळ बनवणाऱ्यांचा मेळावा होता. ती गेली. मी मोकळा सुटलो.

काम अभ्यासपूर्वक करायचं म्हणून मी एक आख्खी दुपार इंटरनेटवर गेमची कव्हरं पाहत बसलो. आणि काय सांगू, परदेशात इतकी वर्षं आपलेच धंदेबंधू काम करत होते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. पुरुष असला की समोरून, कपाळाला आठ्या, गळ्यापासून घोट्यापर्यंत लोखंड. बाई असली की तिचं चिलखत असं, की जिथे बाण लागला तरी माणूस जगतो तेवढेच भाग नेमके झाकलेले. हातात बंदूक, पण ती कुणावर रोखलेली नाही, कारण पाहते ती आपल्याकडे. आणि उभी कशी, तर पाठमोरी, कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, मान वळवलेली. मी खुर्चीत सरळ झालो. ही तर आमचीच! एका कव्हरवर चार बाप्ये पुढे आणि ती मागे कोपऱ्यात, फोटोत जागा उरली म्हणून बोलावल्यासारखी. दुसऱ्यावर तिचं डोकंच नव्हतं, ओठांपाशी चित्र संपलं होतं. मला त्या कलाकाराबद्दल फार आपुलकी वाटली. लेबलाची उंची कमी पडली की मीही हेच करतो.

मनात म्हटलं, जगात सगळीकडे एकच खाका चालतो, तर आपण कशाला शहाणपणा करायचा. ‘बाई फायनल’ उघडली.

दोन दिवसांत कव्हर तयार. लाल ट्रॅक्टर, धुरांड्यातून धूर, मागे तापी. बोनेटवर बाई. वारा तिच्या पदराला लागलेला, पण बाकी जगाला नाही. केळीचं एक पान हलत नव्हतं. साडी ओली, का ते विचारू नका. वय बावीस. एका हातात केळीचा आख्खा घड, बंदूक धरावी तसा खांद्याला टेकवलेला. आईसारखी दिसली पाहिजे म्हणून हनुवटीवर ताईचा तीळ टाकला. मला ते इतकं आवडलं, की मी स्वतःच्या खांद्यावर थाप मारून घेतली असती, पण हात पोचत नाही.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. भाचीला फाइल पाठवली असती, तिने मला फोनवर चार शब्द सुनावले असते, विषय संपला असता. पण आमच्याकडे घरात काहीही चांगलं झालं की चौकात फ्लेक्स लागतो. कुणी पोलिसात लागलं, फ्लेक्स. कुणाचा वाढदिवस, फ्लेक्स. एकाची म्हैस प्रदर्शनात पहिली आली, तिचा तर मीच बनवला होता. मग माझ्या भाचीचा नको? भाची यायच्या आत गावात लागलेला असावा, ताईलाही आनंदाचा धक्का बसावा, असा बेत करून मी आठ फूट बाय सहा फूट छापला. मजकूर हिंदीत टाकला, सगळ्यांना वाचता यावा म्हणून: ‘हमारी ताईजी के जीवन पर आधारित वीडियो गेम. हार्दिक बधाई.’ वर कव्हरचं चित्र, आणि खाली कोपऱ्यात गोल चौकटीत काळ्या चष्म्यातला मी. ‘शुभेच्छुक: मामा’.

बुधवारी सकाळी तो घेऊन जैनाबादकडे गेलो. ताईच्या शेताचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे चहाची टपरी आहे. टपरीवाल्याने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि दोन खांबांमध्ये ताणून बांधला. टपरीवाला मागे सरकून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, भाऊ, ताईजींना दाखवला का? मी म्हटलं, सरप्राइज आहे. तो म्हणाला, हां, वो तो है.

अर्ध्या तासाने ताई आली. ट्रॉलीत घड, खाली केळीची पानं अंथरलेली, गमछा कपाळापर्यंत. मोठ्या रस्त्याला वळता वळता तिने फ्लेक्स पाहिला आणि ट्रॅक्टर थांबवला. तो नेमका रस्त्याच्या तोंडावर. मागे दोन मोटरसायकली आणि एक पिकअप अडकली. ताई ओळ वाचत होती, बोटाने नाही, पण ओठ हलत होते. टपरीवर बसलेले पाचही जण बशीतल्या चहात काहीतरी पडल्यासारखे वाकून पाहू लागले.

ताईने इंजिन बंद केलं. “ही कोण रे?”

“तू,” मी म्हणालो. “म्हणजे, कव्हरवर जरा वाढवावं लागतं.”

“कमीच केलेलं दिसून राहिलं मला तर.”

मागून हॉर्न वाजला. ताईने वळून पाहिलं, हॉर्न थांबला.

“धूर निघून राहिला, म्हणजे गाडी चालू आहे,” ती म्हणाली. “ही वर चढून बसली. मग क्लच कोण दाबतं?”

स्टिअरिंगवर कुणीच नाही, हे मला त्या क्षणापर्यंत दिसलंच नव्हतं. आठ फूट बाय सहा फुटांत, माझ्या स्वतःच्या हाताने केलेलं. मी म्हटलं, ते समजून घ्यायचं असतं.

“उतरव,” ताई म्हणाली.

मी उतरवला. गाठी मीच इतक्या पक्क्या मारल्या होत्या की त्या सोडायला दातांचा वापर करावा लागला, आणि या सगळ्या वेळात काळ्या चष्म्यातला मी माझ्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने पाहत होतो. ताईने फ्लेक्स हातात घेतला, ट्रॉलीतल्या घडांवर पसरला, चित्राची बाजू खाली करून. ऊन लागतं घडांना. मग वर बसता बसता हळू आवाजात, टपरीला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, “मला वाटलं होतं, पोरीने माझं काहीतरी केलं. लोकांना सांगत होते मी, माझ्यावर आहे म्हणून. आता काय सांगू?”

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. रागावलेल्या ताईचा मला लहानपणापासून सराव आहे.

त्याच दुपारी तिने इंदूरला फोन केला. खेळ पुरे झाला, शनिवार शेवटची तारीख आहे, फॉर्म भरून टाक. भाचीला काही कळेना. मग तिला टपरीवरच्या कुणीतरी काढलेला फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत पोचला, आणि सगळं कळलं.

गुरुवारी संध्याकाळी ती उतरली ती थेट माझ्या दुकानात आली. मी तिला चहा सांगितला, तिने घेतला नाही. मला वाटलं आरडाओरडा करेल. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, “इंदौरमध्ये दोन जणांनी विचारलं मला, गेम अच्छा है, हिरोईन कहाँ है? मी म्हटलं, वो चला तो रही है. त्यांना वाटत होतं ती येईल नंतर कुठूनतरी.” मग म्हणाली, “ते परके होते, मामा.”

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. पडद्यावर एका अगरबत्तीवाल्यासाठी ‘बाई फायनल’ उघडलेली होती. मी पडदा बंद केला. ही माझ्या आयुष्यातली पहिली सुधारणा.

शुक्रवारी सकाळी मी माफी मागायला शेतावर गेलो. सोबत पेन्सिल, कागद आणि फोन. ताई ट्रॅक्टर पुसत होती. मी म्हटलं, चुकलं, नवीन काढतो, फॉर्मचं जरा थांबव. ती म्हणाली, आधी एक कर. वर चढ. मला कळेना. तिने कापडाने बोनेटकडे दाखवलं. “जशी ती बसवली तशी तू बसून दाखव. जमलं तर तुझं खरं.”

बोनेट गरम नव्हतं, एवढंच माझं नशीब. मी चढलो. दाजी बाजेवर बसून होते, त्यांना दिसत कमी असलं तरी आवाजावरून सगळं कळतं. ते म्हणाले, कोण पडलं? मी म्हटलं, अजून कोणी नाही. गुडघा दुमडला. कंबर एका बाजूला काढली. खांदे दुसऱ्या बाजूला. “छाती इकडे,” ताई म्हणाली, “पाठही इकडेच दिसली पाहिजे. तुझ्या चित्रात दोन्ही दिसून राहिलं होतं.” मी वळलो. “आता मान. आता हास.” मी हसलो. कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि मी तसाच राहिलो. खोटं नाही, जवळजवळ मिनिटभर मी माझ्याच खाक्यात अडकून बोनेटवर होतो, आणि भाची घरातून येऊन निवांतपणे फोटो काढत होती. शेवटी दोघींनी मला धान्याच्या पोत्यासारखा खाली घेतला. तीस वर्षं ती बाई तशीच पिळलेली होती, आणि मी तिला एकदाही सरळ होऊ दिलं नव्हतं.

दाजींच्या बाजेवर मला आडवं केलं. ताईने कमरेला मलम चोळलं, तेही असं की ती मलम लावते आहे की सूड घेते आहे ते ठरवता येऊ नये. पडल्या पडल्या मी तिला फोनवर ती परदेशी कव्हरं दाखवली. हेतू सरळ होता: मी एकटाच गुन्हेगार नाही. ताई एकेक पाहत गेली. ही बर्फात उभी आहे, हिला थंडी वाजत नाही का? हिचे केस मोकळे, पाठीवर तलवार. उपसायला गेली तर आधी केसच कापेल. मग ते चार बाप्ये आणि मागे एक बाई, ते आलं.

“ही यांच्यातल्या कोणाची बहीण?”

“बहीण नाही गं आई,” भाची म्हणाली. “ती पण लढते. चौघांइतकीच.”

“मग मागे काहून?”

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या, जणू ते कव्हर मीच करून परदेशात पाठवलं होतं. मी म्हटलं, मांडणी असते. ताईने फोन माझ्या छातीवर ठेवला. “खेळतात कोण? पोरीही खेळतात ना?” भाची म्हणाली, खूप. ताई उठली आणि म्हणाली, चल, तुला काढायचं असेल तर काढ, पण मी बसून राहणार नाही, मला काम आहे.

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या बाईचं चित्र काढलं, ते ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून, दुखऱ्या कमरेने, ताई ट्रॉली मागे घेत असताना. कागद हलत होता, ताई हलत होती, मी तर होतोच. सुरुवातीला हाताने गद्दारी केली. मी ताईला पाहत होतो आणि कागदावर बावीस वर्षांची उतरत होती. ताईने डोकावून पाहिलं आणि विचारलं, ही सून कुठून आणली? खोडलं. मग पाय आले. माझ्या बाईला पायच नव्हते. लेबल गुडघ्याखाली संपायचं. पेडलवर दाबलेलं पाऊल, रबरी चप्पल, भेगांमध्ये बसलेला केळीचा काळा चीक, हे कसं काढतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. मग डोळे. ते मोठे काढायची सवय. ताईचे उन्हामुळे बारीक, एक दुसऱ्यापेक्षा जास्त. इतकी वर्षं राखी बांधताना ती समोर बसते. मी ताटातल्या पेढ्यांकडे पाहत असणार.

दुपारपर्यंत चार कागद वाया गेले, पाचवा राहिला. भाचीने तो घरात नेला, फोटो काढून लॅपटॉपवर घेतला आणि रंग भरले. मी सांगितलेला एकही रंग तिने घेतला नाही. चित्रात ताई स्टिअरिंगवर, दोन्ही हात चाकावर, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, रस्त्याकडे पाहणारी. आपल्याकडे नाही. आपण रस्त्यात उभे असू तर आपल्याला बाजूला व्हावं लागेल, अशी.

ताई हात धुऊन आली. लॅपटॉपसमोर उभी राहिली. भाची नखं खात होती. फॉर्म बाजूलाच होता, अर्धा भरलेला.

“नाक मोठं काढलं,” ताई म्हणाली.

“तेवढंच आहे,” मी म्हणालो.

तिने नाकाला हात लावून पाहिला. “मग राहू दे.” आणि भाचीकडे न पाहता, “हे चालू कुठून होतं?”

वर्षभरात तिने खेळ हातात घेतला नव्हता. भाचीने कीबोर्डच्या कळा दाखवल्या. पहिल्या स्पीडब्रेकरवर ताईचे निम्मे घड काळे पडले. ती चिडली, माझ्या फ्लेक्सवर चिडली नव्हती एवढी. म्हणाली, असा ब्रेक मी मारतच नाही, हा कोणाचा ब्रेक आहे? पुन्हा खेळली. म्हशीपाशी अडकली आणि म्हशीला अस्सल शिव्या दिल्या, दाजी बाजेवरून हसायला लागले. भाची वही घेऊन बसली.

शनिवारीही ताई खेळतच होती, आणि संध्याकाळी पाचला फॉर्मची मुदत संपत होती. तिघांनाही ठाऊक होतं, कारण मी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा भाचीही पाहत होती. ताईनेही पाहिलं. मग वाचायचा चष्मा पुसला आणि वहीवर बोट ठेवून म्हणाली, की तापीच्या उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडणारा माणूस मूर्ख असतो, आणि खेळात त्याची ट्रॉली उलटलीच पाहिजे. हे लिहून घे, आणि पुढचं सांगते ते पण लिही.